रेडिएटरचं झाकण

गुरुवार, ३ जुलै

बॉनेटखालून वाफ येतेच आहे. काटा लाल पट्टीच्या पार. गाडी कडेला घेतली आहे, मसाफी गाव सोडल्यावर, डोंगराच्या सावलीत. सावली म्हणजे दीड हात. ईशानी विचारते, मागे झोपू का. ह्या पिकअपला मागे फक्त हौदा आहे, तापलेल्या पत्र्याचा.

बाहेर सेहेचाळीस. पाण्याच्या दोन बाटल्या. एक ईशानीची, एक गाडीची असं ठरवलं होतं. आता दोन्ही ईशानीच्या.

चारूचा फोन येईपर्यंत हाताला काही काम हवं, म्हणून लिहिते.

— घरी पोचलो. सव्वासात.

चारू फोनवर म्हणाला, झाकणाला हात लावू नकोस, अर्धा तास थांब, मग निघ. एसी बंद. हीटर पूर्ण लाव. मला वाटलं त्याला नीट ऐकू गेलेलं नाही. पण तो म्हणाला, हीटर इंजिनातली उष्णता आत केबिनमध्ये ओढतो, इंजिन वाचतं. खिडक्या उघड्या ठेव, मुलीला पाणी पाजत रहा.

पस्तीस किलोमीटर हीटर लावून आले. जुलैत. ईशानी रडली नाही, गप्प झाली. मी दर दोन मिनिटांनी हाक मारत होते आणि ती 'आय ॲम फाइन' म्हणत होती. एका वळणावर उत्तर आलं नाही. मी गाडी थांबवून तिला गदगदा हलवलं.

झोपली होती. नऊ वर्षांची मुलगी, दमून झोपली होती. 

शुक्रवार, ४ जुलै

चारू दुपारी दुबईहून आला. मरीनातल्या एका टॉवरचं मेंटेनन्स त्याच्याकडे आहे, आठवडाभर तिकडेच राहतो. कार नवऱ्याकडे, पिकअप बायकोकडे. एकवीस वर्षं जुनी. आमचा जुना शेजारी व्हर्नन वसईला कायमचा परत गेला तेव्हा ती आमच्या गळ्यात मारून गेला.

गॅरेजवाला म्हणतो आठ दिवस लागतील. चारू म्हणतो, रफिकला बोलवू.

रफिक खेडचा. एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आहे. रविवारी सुट्टी, तेव्हा ओळखीतल्यांच्या गाड्या करतो. ते चालत नाही इथे. व्हिसा एकाचा आणि काम दुसऱ्याचं. सापडला तर त्याला परत पाठवतील, आणि काम देणाऱ्यालाही सोडणार नाहीत.

'सगळेच करतात,' चारू म्हणाला. 'आपल्या बिल्डिंगमधल्या निम्म्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्यात.'

रविवार, ६ जुलै. दुपार, साडेबारा

रफिक सहालाच आला. सडपातळ, चाळिशीचा. दाढीत दोनचार पांढरे केस. गाडीखाली पुठ्ठा अंथरला आणि आधी रेडिएटर रिकामा केला. पाणी चहाच्या रंगाचं. मग एका बाटलीतलं औषध घालून गंज सोडवला, तीनदा धुतला. वरची नळी बदलली, पाण्याचा पंप बदलला. चारू त्याच्याशेजारी बसून पाने देत होता, साडेनऊला त्याला फोन आला. टॉवरच्या एसीचे चिलर बंद पडले. तसाच गेला.

'वहिनी, हे बघा,' रफिक म्हणाला. 'ह्यात थर्मोस्टॅटच नाय. कुणीतरी काढून टाकलान.'

इकडे सगळे काढतात म्हणे. गरम मुलूख, इथे कशाला पाहिजे? आणि मग गाडी चढावर दगा देते. त्याने नवा बसवला. बसवण्याआधी ईशानीच्या हातात दिला आणि म्हणाला, हा दार उघडणारा वॉचमन, इंजिन तापलं की पाण्याला वाट देतो. ईशानी हसली. वरची नळी कशी दाबून बघायची तेही तिला दाखवलं. कडक लागली तर आत जोर आहे, झाकणाला शिवायचं नाही. मऊ लागली तर उघडायचं.

हिरवं कूलंट भरलं. वीस मिनिटं इंजिन चालवून आतली हवा काढली. अजून थोडी आहे, म्हणाला. बारा दहाला इंजिन बंद केलं, झाकण लावलं. आता ते निवू दे. मशिदीत जाऊन येतो, जेवून येतो, मग वरचं पाणी पुरं करू की झालं.

जाताना म्हणाला, 'मी येईपर्यंत चावी लावू नका हां, वहिनी.'

गुरुवारपासून पहिल्यांदा बरं वाटतं आहे.

रविवार, ६ जुलै. संध्याकाळ

रफिक भाजला. झाकण उघडलं आणि पाणी उसळलं. चेहऱ्याची उजवी बाजू, मान, दंड. उजवा डोळा.

नळाचं पाणी गरम. गच्चीवरच्या टाकीचं पाणी जुलैत दुपारी हाताला सोसवत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी त्याला नळाकडेच नेलं. तो पाण्याखाली पुन्हा ओरडला. मग फ्रीजमधल्या बाटल्या आणल्या. चार होत्या.

हॉस्पिटलला यायला तयार नाही. 'विचारतील, कुठे झालं. काय सांगू?' त्याचा रूममेट हारुन टॅक्सीने येऊन घेऊन गेला.

सोमवार, ७ जुलै

काल लिहिलं नाही ते.

बारा पंचावन्नला खालून हॉर्न. सांडपाण्याचा टँकर आला होता आणि पिकअप त्याच्या वाटेत. ड्रायव्हर हात नाचवत होता — यल्ला, यल्ला. मी ईशानीला घेऊन खाली गेले. रफिकला फोन करायला हवा होता. तो नमाजात असेल असं वाटलं. चावी लावली, गाडी मागच्या गल्लीत नेली. टँकरचं काम होईपर्यंत आम्ही गाडीतच बसलो. एसी लावून. पंधरा मिनिटं.

मग पिकअप परत आणली. पुठ्ठ्यावर, होती तिथेच. चाक पुठ्ठ्यावरच्या डागावर बरोबर यावं म्हणून दोनदा मागेपुढे केली. म्हणजे त्याला कळू नये हे मला तेव्हाच हवं होतं. एवढंच कारण. त्याने नको म्हटलं होतं आणि मी केलं होतं. तो रागावेल. पंचेचाळीस वर्षांची बाई मी.

एक पंचवीसला तो आला. बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट तापलेलंच, सगळंच तापलेलं, ह्या दिवसांत हाताला काय कळणार? मग मला विचारलं.

'चालू नाय ना केलात?'

'नाही.'

त्याने फडकं घेतलं. झाकण फिरवलं.

ऑफिसात मी दिवसभर जहाजांत तेल भरण्याच्या वेळा लिहिते. नळी जोडली, पंप सुरू, पंप बंद, नळी काढली. एका मिनिटावरून कंपन्या भांडतात. आजही लिहिल्या. एकही चुकली नाही.

मंगळवार, ८ जुलै

हारुनचा फोन. पेशावरकडचा आहे, मला बाजी, म्हणजे ताई, म्हणतो. रफिकला ताप आहे. कंपनीत सांगितलं, खोलीत चहाचं पाणी अंगावर सांडलं. कामगारांच्या कॅम्पमधल्या दवाखान्यातून मलम दिलं आहे. आँख? आँख अभी बंद है, बाजी.

जेवताना ईशानी म्हणाली, 'बट मम्मा, वी डिड स्टार्ट इट. फॉर द टँकर.'

मी म्हटलं, बाबाला सांगू नकोस.

'रफिक अंकलला?'

त्यालाही नको.

तिने मान हलवली आणि भात खाल्ला. एवढ्या पटकन मान हलवेल असं वाटलं नव्हतं.

बुधवार, ९ जुलै

सूप आणि खिचडी घेऊन गेले. त्यांच्या खोल्यांवर बाईमाणूस जात नाही. खाली रस्त्यावर उभी राहिले, हारुन डबा घ्यायला आला. मी विचारलं, तो माझ्याबद्दल काही बोलतो का. 

बोलतो. वहिनी घाबरल्या असतील म्हणतो. त्यांना सांग, माझीच चूक.

आणि एक गोष्ट सारखी बोलतो म्हणे. सव्वा तासात इंजिन एवढं गरम राहतंच कसं? थर्मोस्टॅट उलटा बसवला का आपण? रात्री उठून हवेत हात फिरवून बघतो, कसा बसवला होता ते. नळी दाबून बघितल्याशिवाय त्याने कधी झाकण उघडलेलं नाही, बावीस वर्षांत. त्या दिवशी दाबली नाही.

दाबली नाही, कारण मला विचारलं होतं.

हारुन म्हणाला, 'कहता है, अब मेरे हाथ पे भरोसा नहीं रहा।'

सांगायला तोंड उघडलं. मग डब्याच्या झाकणाबद्दल काहीतरी बोलले. घट्ट आहे, जपून.

गुरुवार, १० जुलै

ऑफिसच्या लिफ्टमध्ये एक पोलीस होता. चौथ्या मजल्यावर कुणाकडे तरी आला असेल. मी दुसऱ्यावर उतरले आणि जिना चढले. 

शुक्रवार, ११ जुलै

चारू आला. त्याला सांगितलं. सगळं — टँकर, पुठ्ठा, नाही.

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मला वाटलं रागावेल, किंवा पाठीवर हात ठेवेल. त्याने विचारलं, 'किती जणांना माहीत आहे?'

मी म्हटलं, ईशानीला.

'तिला माहीत नाही,' तो म्हणाला. मला कळायला वेळ लागला. त्याला म्हणायचं होतं, उद्यापासून तिला माहीत नाही.

नंतर समजावत होता. मेकॅनिक आहे तो, त्याने बघायला हवं होतं. आणि समजा सांगितलंस, त्याचा डोळा बरा होईल? त्याची नोकरी जाईल. माझी जाईल. ईशानीची शाळा. कुणी विचारलं तर रफिक इथे आलाच नव्हता. खलास.

तो म्हणतो त्यातलं चूक काय ते सापडत नाही. रात्रभर शोधलं.

शनिवार, १२ जुलै

चारूने सकाळी उरलेलं कूलंट घातलं आणि गाडी बाहेर काढली. मसाफीच्या चढापर्यंत जाऊन आला. काटा मधोमध, हललासुद्धा नाही. 'एक नंबर काम केलंय पठ्ठ्याने,' म्हणाला.

पुठ्ठा, चिंध्या, रिकामे डबे त्याने काळ्या पिशवीत भरले. कचऱ्यात टाकायला मी नेली. खाली गेल्यावर पिशवी उघडली. का, ते माहीत नाही. गंज सोडवायच्या औषधाची बाटली काढली. बारीक अक्षरं, अरबी आणि इंग्रजी. आम्ल आहे. डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटं धुवा, ताबडतोब डॉक्टरकडे न्या, ही बाटली दाखवा. कूलंटच्या डब्यावरही जवळपास तेच.

तीनदा धुतला होता रेडिएटर. पण त्या गंजक्या पोटात काय उरलं असेल, कोण सांगणार?

दवाखान्यातला डॉक्टर सहा दिवस चहाच्या पाण्यावरचं मलम देतो आहे.

हारुनला फोन केला. पांढरं झालंय, म्हणाला. पापणी उघडली की काळ्यावर पांढरं दिसतं. टॉर्च लावली तर रफिकला धुकं दिसतं, बस.

रविवार, १३ जुलै

बाटली आणि डबा पर्समध्ये मावत नव्हते. ईशानीच्या शाळेच्या पिशवीत घातले. चारू दारात उभा होता. तू आता हे दोघांसाठी ठरवते आहेस, म्हणाला. तिघांसाठी. मी चपला घातल्या. त्याने अडवलं नाही. सोबतही आला नाही.

हॉस्पिटलला न्यायचं, हे हारुनला फोनवर सांगितलं होतं; धुकं दिसू लागल्यापासून रफिकही नको म्हणत नव्हता. रफिक खाली आला तो हारुनच्या खांद्यावर हात ठेवून. अर्धा चेहरा गुलाबी, सोललेला. डोळ्यावर गॉज. पिकअप बघून थांबला. दुसरी गाडी नव्हती मला. हारुन मागून टॅक्सीने येतो म्हणाला. रफिक माझ्याशेजारी बसला.

सिग्नलला थांबलो. तो काट्याकडे बघत होता. एका डोळ्याने, मान वळवून.

मी म्हटलं, 'मी चालू केली होती. टँकर आला म्हणून. पंधरा मिनिटं, एसी लावून. तुम्ही विचारलंत आणि मी नाही म्हटलं.'

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी काढली. शिवी येईल म्हणून थांबले होते. तो म्हणाला,

'म्हणजे थर्मोस्टॅट बरोबर बसलाय.'

आणि त्याने डोकं मागे टेकलं. त्याचे खांदे खाली आले. आठवड्याभरात माझ्यामुळे कुणाला बरं वाटलं असेल तर ते एवढंच. मी रडले. त्याने तिकडे पाहिलं नाही, खिडकीतून बाहेर बघत राहिला. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

तिथेच थांबायला हवं होतं बहुतेक. नाही, थांबून चाललं नसतं.

डॉक्टर तरुण होती, बहुधा केरळची. विचारलं, काय पडलं? रफिक म्हणाला, चहाचं पाणी. सराईतपणे, आठवड्याच्या सवयीने. मी बाटली टेबलावर ठेवली. मग डबा.

तिने लेबल वाचलं. ती उठली आणि त्याला आत नेलं. डोळा किती वेळ धुतला माहीत नाही, घड्याळ बघायचं सुचलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, आठ दिवस उशीर. पण बुबुळ अजून पूर्ण गेलेलं नाही. तासातासाला थेंब घालायचे, रात्रीसुद्धा, दोन दिवस इथेच. राहिला तर बरीच आशा आहे. घरी गेला तर मी काही सांगू शकत नाही.

मग तिने फॉर्म ओढला. कुठे झालं?

रफिकने माझ्याकडे पाहिलं. मान हलवली, अगदी थोडी. नको, अशी.

ती वाट बघत होती. मी आमच्या बिल्डिंगचं नाव सांगितलं. पार्किंगमध्ये, आमची गाडी दुरुस्त करताना. माझं नाव, माझा नंबर. मला वाटत होतं मी आता खोटं बोलत नाही, एवढंच माझं काम आहे.

खाटेवर नेल्यावर तो पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलला. 'डबा दाखवलात, बरं केलंत. पण जागा कशाला सांगितलीत? रूमच्या खाली गाडी धुताना झालं म्हणायचं. काहीपण म्हणायचं. कंपनीला कळलं तर मला विमानात बसवतील. मला एकदा तरी विचारायचंत, वहिनी!'

मी म्हटलं, मी सगळं माझ्यावर घेईन.

'तुम्ही काय घेणार? व्हिसा माझा आहे.'

शेजारच्या खाटेवरचा माणूस आमच्याकडे बघत होता. रफिकने तोंड भिंतीकडे केलं. नर्स म्हणाली, सकाळी पोलीस येऊन जबाब घेतील. नेहमीचंच आहे, घाबरू नका. दहा वाजता मीही यावं.

पहिल्यांदा त्याने विचारलं तेव्हा मी खरं बोलायला हवं होतं. आज बोलले तेव्हा त्याने विचारलं नव्हतं.

चारूचा फोन तीनदा वाजला. घेतला नाही. घरी आले तेव्हा तो दुबईला निघून गेला होता. ईशानी शेजारच्या प्रज्ञाकडे होती. तिने विचारलं, 'डिड यू टेल हिम?' सांगितलं, म्हटलं. 'वॉज ही अँग्री?' मी म्हटलं, त्याबद्दल नाही.

दहा वाजता पोलिसांना काय सांगायचं ते कागदावर लिहून काढलं. वेळांसकट. बारा दहा इंजिन बंद. बारा पंचावन्न चालू. एक दहा बंद. एक पंचवीस झाकण.

सोमवार, १४ जुलै

सकाळी सातला डबा घेऊन हॉस्पिटलला गेले. खाट रिकामी होती, चादर बदललेली. नर्स म्हणाली, पाचचे थेंब घातले, सहाला आले तर नव्हता. एक मित्र येऊन गेला होता. हारुनचा फोन बंद आहे. थेंबांची बाटली खाटेशेजारच्या टेबलावर तशीच होती.